व्हरांड्याची भिंत झाकली तेव्हा

२० जानेवारी २०२५, सोमवार

गड्ड्याची जत्रा संपली, पाहुणे गेले. घर झाडायला घेतलं. व्हरांड्याच्या भिंतीखाली पुन्हा पांढरी भुकटी. परवाच झाडली होती. दगडांच्या सांध्यांतला चुना सुटतोय आणि खालच्या दोन थरांना लोणा लागलाय. बोटावर घेऊन जिभेला लावून पाहिलं. खारट. एकतीस वर्षं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत शेतकऱ्यांच्या पुड्या तपासल्या, आता स्वतःच्या घराचा नमुना.

हे सकाळी नेहमीप्रमाणे व्हरांड्यातून न्हाणीघराकडे. उजवा हात भिंतीवरून घासत, तोंडाने पुटपुटत. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी. म्हटलं, "गार्डाची नोकरी सुटून अठरा वर्षं झाली. गाडी पोचली नाही का अजून?" म्हणाले, "लेट आहे."

बाहीला चुना. या आठवड्यातला तिसरा शर्ट. भिंतीला घासून चालू नका, हे किती वेळा सांगायचं.

२६ जानेवारी, रविवार

मंदार पुण्याहून आला, संध्याकाळी परत. जेवताना पुन्हा तेच. "आई, हे दगडाचं घर तुम्हा दोघांच्याने होत नाही आता. आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर फ्लॅट आहे." भिंतीवर नख मारून दाखवलं. चुना पडला. "बघ," म्हणाला, जणू मी पाडला.

सासऱ्यांनी गिरणीत वीव्हिंग मास्तर असताना बांधलेलं घर. ह्यांचा जन्म इथला. पुण्यात तळमजल्यावर हे काय करतील, खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या बघतील.

 हे मात्र पेपर तोंडासमोर धरून बसले होते. मंदार गेल्यावर पाहिलं, पेपर कालचा.

घर टापटीप दिसलं की विषय बंद होईल. भिंतीचं काम काढायचं. ठरलं.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळी मल्लप्पा गवंडी. अक्कलकोटकडचा, बाप-लेक दोघांनीही या घराची डागडुजी केली आहे. भिंतीला कान लावून टकटक केलं. "सांधे खरवडतो, चुना मळतो, भरतो. लोणा धुऊन काढाय लागतोय, तीन-चार येळा. दोन-तीन मैने धरा."

"दोन-तीन महिने घरात धूळ?"

"धूळ हाय की. पन भिंत ऱ्हाती."

तेवढ्यात प्रशांत. सात रस्त्याजवळ दुकान आहे, नवीन नवीन सगळं त्याच्याकडे. फायबर सिमेंटच्या पट्ट्यांचे नमुने आणले. लाकडासारख्या रेषा, गाठीसुद्धा. पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, पेट घेत नाही. आधी लोखंडी फ्रेम, तिच्यावर पट्ट्या. "काकू, दहा दिवसांत तुमचं घर तुम्हीच ओळखणार न्हाय."

मल्लप्पा अजून चहा पीत होता. नमुना हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "माल चांगला हाय. पन पानी खालनं वर चढतंय, बाई. वरनं झाकलं तर त्यानं जायचं कुटं?"

मी म्हटलं, "तुझी पद्धत जुनी झाली, मल्लप्पा." चहा अर्धा ठेवून गेला.

ह्यांना विचारलं. "तुला बरं वाटतं तसं कर." मग थोड्या वेळाने, "भिंत आहे तशी ठेवून काही करता येणार नाही का?"

"नाही," म्हटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

धुळीत ह्यांना खोकला नको म्हणून वैरागला, वन्संकडे. भाचा गाडी घेऊन आला होता. बॅग भरून झाली तरी ह्यांचा पाय निघेना. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून आले, हात भिंतीला.

"निरोप घेताय का भिंतीचा?"

"हो," म्हणाले आणि हसले. भाचाही हसला. मीही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काम जोरात. पट्ट्या कापणारे दोघे तोंडाला काही न बांधता करवत चालवत होते. ती पूड छातीत जाऊन बसते. काम थांबवलं, औषधाच्या दुकानातून मास्क आणले, लावल्याशिवाय करवत सुरू होऊ दिली नाही. एक दुसऱ्याला म्हणाला, "घरमालकीण हाय का इन्स्पेक्टर." ऐकू आलं. इन्स्पेक्टरच समजा.

मधला एक दगड पोट काढून बाहेर आलेला. प्रशांत म्हणाला, "फ्रेम लेव्हलला बसत न्हाय काकू. छाटू?" छाट म्हटलं. ग्राइंडरने सपाट केला. न्हाणीच्या पायरीअलीकडे घोडा बांधायची लोखंडी कडी होती, सासऱ्यांचा टांगा होता तेव्हाची. तीही आड येत होती. ती काप म्हटलं. दोन मिनिटांत गेली. ठिणग्या बऱ्याच उडाल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काम पूर्ण. फिकट तपकिरी रंग, सगळं सरळ रेषेत, एका फटीत बोट जाणार नाही. खाली-वर रबरासारखं काहीतरी भरून बंद केलंय, म्हणजे मुंगीसुद्धा आत जायची नाही. मंदारला फोटो पाठवला. "रिसॉर्ट वाटतंय आई." फ्लॅटचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बघत बसले. खरं लिहायचं तर फार समाधान वाटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हे परतले. मिरवणुकांमुळे गाडी अडकली, पोचायला दुपारचे तीन. व्हरांड्यात चढले, हात भिंतीला लावला आणि थांबले. तळवा पुढे सरकवला, परत मागे आणला.

"कसं झालंय?"

"गुळगुळीत."

"आवडलं ना?"

"छान झालंय."

चहा टाकला होता तेवढ्यात आवाज. न्हाणीच्या पायरीवरून पडले. कपाळाला तीन टाके, मनगट मुरगळलंय. जन्मभर उतरलेली पायरी.

"पायरी दिसली नाही?"

"घाईत होतो."

चिडले मी. नुकतेच प्रवासातून आलेले, घाई कसली, असं बरंच काही बोलले. ऐकून घेतलं त्यांनी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस निरीक्षण. मी अंगणात असले तरच न्हाणीकडे जातात, तेही पाय घासत, दोन्ही हात पुढे. काल कपड्यांचं स्टूल व्हरांड्यात ठेवलं होतं, त्यावर आदळले.

आज दुपारी चप्पल काढून, आवाज न करता, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. दोन हातांवर. ते माझ्याकडे तोंड करून बसलेले. हात वर केला, दोन बोटं दाखवली. काही नाही. मान वळवून स्वयंपाकघराच्या दिशेने विचारलं, "आहेस का घरात?"

किती वेळ उभी होते माहीत नाही.

"आहे," म्हटलं. दचकले. मग त्यांनाही कळलं की मला कळलंय.  रेडिओवर बाजारभाव चालू होते, ते शेवटपर्यंत ऐकले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांचे डॉ. काचबिंदू. उजवा पूर्ण गेला. डाव्याला उजेड-अंधार एवढंच. गेलेलं परत येत नाही. "हे एकदम नाही झालं, दीड-दोन वर्षं लागली असतील. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" डॉ. माझ्याकडे बघून विचारत होते.

माझ्या लक्षात शर्टाच्या बाह्या आल्या होत्या.

रिक्षात विचारलं, "कधीपासून?"

"गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी पेपर वाचायचं बंद झालं."

"मला का नाही सांगितलं?"

रिक्षा रेल्वेच्या पुलावर चढली. मग म्हणाले, "तू सगळं बंद केलं असतंस. एकट्याने फिरणं, दाढी, चहा करून घेणं. बरोबरच केलं असतंस म्हणा."

जसं बोलले तसं लिहिलंय.  

२ मार्च, रविवार

आज त्यांनी भिंत सांगितली. मी विचारलं नव्हतं. शेंगा सोलत होतो, ते सोलत होते, मी निवडत होते.

एकूण बेचाळीस फूट. खोलीच्या दारातून निघायचं, हात कमरेच्या वर. अकराव्या दगडाला मधोमध खळगा. ते मोहोळ. तिथे डोकं खाली घ्यायचं, कपड्यांची दोरी. पुढे पोट आलेला दगड, ते माढा. त्याच्यासमोर दोन खांबांमध्ये मोकळी जागा, अंगणात उतरायचं तर तिथे. मग कडी. कुर्डुवाडी. जंक्शन. थांबायचं, पाय चाचपायचा, पायरी उतरायची, डावीकडे न्हाणी.

"रात्रीच्या गाडीवर सवय होती," म्हणाले. "बाहेर काही दिसत नाही, पण रुळांच्या आवाजावरून कळायचं कुठे आलो ते."

"आणि आता?"

"आता सगळ्या पट्ट्या सारख्या. गाठसुद्धा तीच. चार पावलं गेलं की पुन्हा तीच गाठ हाताला लागते. वाटतं, आपण जागचे हललोच नाही."

बाहेर जाऊन पाहिलं. खरंच तीच गाठ आहे. एका साच्यातून काढलेली. मी अंगणात खुर्ची टाकून तासभर बघत बसले होते आणि मला दिसली नव्हती.

परत आत येऊन सांगितलं, कडी मी कापायला लावली. माढाही.

शेंगा सोलत राहिले. "चांगलं लोखंड होतं ते," एवढंच म्हणाले.

९ मार्च, रविवार

मंदारला सगळं सांगितलं.  मग मुलगा असतो तसा कामाला लागला. "स्टीलचं रेलिंग टाकू. दोन दिवसांचं काम."

हे म्हणाले, "नको. वॉर्डात असल्यासारखं वाटेल." मी रेलिंगच्या बाजूने बोलले. ते गप्प बसले. ह्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी सेहेचाळीस वर्षं होकार असा लावत आले. या वेळी नाही लावला. मंदारला थांब म्हटलं.

दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत. न्हाणीकडे जायचं तर मला हाक मारतात. पाणीही कमी पितात, का ते कळतं मला. पायांवर सूज.

आज दाढी मी केली. कानाजवळ कापलं. "हात हलका आहे तुझा," म्हणाले. रक्त पुसत होते मी तेव्हा.

१५ मार्च, शनिवार

मल्लप्पाच्या घरी गेले. त्याचं घर या आधी कधी पाहिलं नव्हतं. तो नातवाची सायकल दुरुस्त करत होता. उठून उभा राहिला. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सगळं. शेवटी म्हटलं, "माझी चूक झाली."

"चूक न्हाय म्हनत मी, बाई. घाई."

बरोबर आला. वाकून पट्ट्यांच्या खालची कड पाहिली, वरची पाहिली. "वारं जायला बोटभर जागा सोडाय पायजे हुती, खाली नि वर. त्या पोरानं डबा बंद केलाय."

प्रशांतला फोन केला. "काढलं तर गॅरंटी जाईल, काकू."

"जाऊ दे."

"अख्खी भिंत?"

"कमरेपासून खांद्यापर्यंत. दारापासून न्हाणीपर्यंत. वर-खालची राहू दे, पण कडा उघड."

"लई विचित्र दिसंल."

"ज्याच्यासाठी करायचंय त्याला दिसत नाही," म्हटलं. फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते ऐकू आलं.

२१ मार्च, शुक्रवार

मधल्या पट्ट्या निघाल्या. महिनाभरच झाला होता, तरी मागच्या बाजूला मीठ फुललेलं, बोटाच्या पेराएवढं. दगड हाताला थंड, ओलसर. मल्लप्पा काही म्हणाला नाही. त्याने म्हणावं असं मला वाटत होतं.

मोहोळच्या खळग्यात फ्रेमचा खिळा ठोकलेला. माढा सपाट, ग्राइंडरने चकाकतंय. कडीच्या जागी लोखंडाचे दोन खुंट.

मोहोळ त्याने मोकळं केलं. माढाजवळ बराच वेळ बसला. "दगडाला पोट परत येत न्हाय. आत खाच मारतो, तीन बोटं मावतील एवढी." छिन्नी लावली. मग थांबला. "नवी खाच जुन्या हाताला कळंल का, ते सायबास्नी इचारा."

ठोक्यांचा आवाज ऐकून ह्यांनी खुर्चीतून विचारलं, "काय चाललंय?"

"काम."

"कसलं?"

"तुम्ही बसा."

पुन्हा तेच. तीच मी. भांडी घासून झाल्यावर त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं, काय काढलं, काय राहिलं, काय येणार नाही. ऐकलं. "मल्लप्पाला चहा दिलास का?" म्हणाले. त्या दिवसाचा अर्धा कप त्यांनाही कळला होता तर.

३० मार्च, रविवार. पाडवा

मंदार सहकुटुंब. गुढी ह्यांनी बांधली, नेहमीसारखी. कडुनिंब, गाठी, तांब्या, सगळं चाचपून. गाठ घट्ट बसली की नाही ते मी तपासायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

मंदार भिंतीकडे बघत उभा. वर बोर्ड, खाली बोर्ड, मधे दगडाचा पट्टा. "आई, ना धड जुनं ना धड नवं." खरं आहे. चुन्याच्या वासाने नातीने नाक दाबलं.

मल्लप्पाने कडी आणून बसवली. पाडलेल्या कुठल्यातरी घरातली. आमच्या कडीपेक्षा बारीक आहे. आमची भंगारात शोधली, मिळाली नाही.

मंडळी गेल्यावर एक गोष्ट केली. खोलीच्या दारात उभी राहिले, डोळे मिटले, हात भिंतीला, निघाले. एक, दोन, तीन. पाचव्या दगडाला डोळे उघडले. पुन्हा दारात आले. आठव्याला उघडले. मोहोळसुद्धा गाठलं नाही. दीड वर्ष रोज हा माणूस इथून गेला आणि परत आला आणि मी बाह्यांवरून बोलले.

३ एप्रिल, गुरुवार

भिंत तयार होऊन चार दिवस. हे अजून खुर्चीतच. मी विचारत नाही. काल स्वतःच म्हणाले, "ऊन उतरू दे जरा." सोलापुरात एप्रिलमध्ये.

सोबत चालू का, हेही विचारलं नाही. जिभेवर आलं होतं.

लोणा दगडावर पुन्हा दिसतोय, थोडा. मल्लप्पा म्हणतो, येऊ दे, बाहेर येतोय म्हणजे बरं. धुवायचा, पुन्हा येईल, पुन्हा धुवायचा.

६ एप्रिल, रविवार

सकाळचे सात. आज मुद्दाम पांढरा शर्ट काढून ठेवला. घालताना बाहीवरून हात फिरवून पाहिला त्यांनी. "इस्त्रीचा?" म्हणाले. हो म्हटलं. मी स्वयंपाकघरात आले.

मगाशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला हाक नाही. चपलांचा आवाज, दारापर्यंत. मग काही नाही. दूध गॅसवर होतं, गॅस बंद केला. वही घेऊन बसले, हाताला काहीतरी हवं म्हणून.

चपला पुन्हा. सावकाश. दोरीवरचे कपडे मी रात्रीच काढलेत. स्टूल आत आहे. व्हरांड्यात काही नाही. तीनदा पाहिलंय.

"मोहोळ."

हळू म्हणाले, पण ऐकू आलं.

इथून पुढे नऊ दगड. मल्लप्पाची खाच. मोजायचं नाही म्हटलं तरी मोजतेय. चपलांचा आवाज थांबलाय. हात फिरवत असतील. सपाट लागलं असेल. खाच जरा खाली आहे, मी सांगितलं होतं, त्यांच्या लक्षात असेल.

अजून माढा आलेलं नाही.

मी उठणार नाही.